भोंग्याला पैसे आहेत, दिव्याला नाहीत

"सर, थंडीसाठी गाडी तयार करायची म्हणजे खर्च, आणि पैसे तर नाहीत." हे वाक्य माझ्यापुढं पुन्हा काढू नका. ज्याच्याकडं खरंच पैसे नाहीत त्याला मी ओळखतो. तो सायकलवर येतो, आणि त्याच्या मागच्या मडगार्डची लाल काच शाबूत असते. तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या मोटारसायकलच्या पाटीवर आकड्यांपेक्षा मोठ्या अक्षरांत 'दादा' लिहिलेलं आहे. सायलेन्सर बदलून तुम्ही गावभर फटाके फोडत फिरता. हँडलच्या दोन्ही टोकांना निळे दिवे लुकलुकतात. ट्रॅक्टरवर दोन भोंगे आहेत आणि हुडाखाली लग्नात वाजावी अशी पेटी बसवली आहे. आणि याच एमएच 38 पासिंगच्या गाडीचा मागचा लाल दिवा पोळ्यापासून फुटलेला आहे! भोंग्याला पैसे आहेत, दिव्याला नाहीत. याला गरिबी म्हणत नाहीत, बाळांनो. याला अक्कल गहाण ठेवणं म्हणतात.

दिवाळी सरली की तुम्ही मोबाइलवर मनालीचे व्हिडिओ बघत बसता. टायरला साखळ्या बांधलेल्या गाड्या, काचेवरचा बर्फ खरवडणारी माणसं. मग एखादा मला विचारतो, "सर, डिझेलमध्ये काही औषध टाकू का, गोठू नये म्हणून?" अरे, इंडियन ऑइलनं 2019 साली लडाखसाठी वेगळं हिवाळी डिझेल काढलं, ते उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहावं म्हणून. कळमनुरीत उणे 33 होणार आहे का? आपल्या शेजारी परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या नोंदी आहेत. मराठवाड्यात याहून कडाक्याची थंडी क्वचितच पडते. त्या थंडीत डिझेल गोठत नाही, रेडिएटरमधलं पाणी गोठत नाही. गोठते ती तुमची बुद्धी. औषधाच्या त्या बाटलीनं विकणाऱ्याचं भलं होईल, तुमच्या इंजिनाचं काहीही होणार नाही.

तुमचा हिवाळा बर्फाचा नाही, अंधाराचा आहे. नोव्हेंबरच्या अखेरीला पावणेसहाला सूर्य मावळतो आणि जानेवारीत सकाळी पावणेसात वाजून गेल्याशिवाय तोंड दाखवत नाही. कॉलेज, एमआयडीसी, मोंढा, दूध, शाळेची गाडी, सगळ्यांची जायची किंवा यायची एक खेप अंधारातच होते. त्यात कयाधूच्या काठानं, सिद्धेश्वरच्या कालव्यावर भिजणाऱ्या शिवारात, इसापूरच्या पाण्याच्या अंगाला पहाटे धुकं उतरतं. डांबरावर दव पडतं. आणि नेमक्या याच दिवसांत ऊस रस्त्यावर येतो. राज्य सरकारनं 2024 साली गाळपाला 15 नोव्हेंबरचा मुहूर्त दिला होता, 2025 साली 1 नोव्हेंबरचा. एकदा वसमतच्या पूर्णा कारखान्याची चिमणी पेटली की ताशी पंधरा किलोमीटरनं सरकणाऱ्या, रस्त्याच्या अंगाबाहेर ऊस लोंबणाऱ्या, मागं एकही दिवा नसलेल्या ट्रॉल्या मार्चपर्यंत तुमच्या पुढं असणार आहेत. अंधार, धुकं, दव आणि ऊस. तुमची तयारी या चौघांसाठी हवी.

आता नीट ऐका. थंडीत गाडीला तीन कामं नीट करता आली पाहिजेत. दिसणं आणि दाखवणं हे पहिलं. वेळेवर थांबणं हे दुसरं. सुरू होणं हे तिसरं. तुम्ही काय करता? सगळी चिंता तिसऱ्याची. सकाळी किक मारून घाम फुटला, शेजारच्यानं पाहिलं, लाज वाटली, की लगेच मेकॅनिककडं पळता. मागचा दिवा वर्षभर बंद असला तरी लाज वाटत नाही, कारण तो तुम्हाला दिसतच नाही. माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेवावं असं एकच वाक्य सांगतो: जी गाडी सुरू होत नाही ती कुणाला मारत नाही. खिशात दोनशे रुपये असतील तर ते आधी दिव्याला, मग ब्रेक-टायरला आणि उरले तर स्टार्टरला. हा क्रम ज्याला पटत नाही त्यानं उठून जावं.

दिव्यापासून सुरू करू. फळ्यावर गणित मांडतो, कारण तोंडी सांगितलेलं तुमच्या कानात टिकत नाही. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. समोर काही आहे हे डोळ्यांना कळून हात-पाय ब्रेकवर पोचेपर्यंत दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी 25 मीटर गेलेली असते. त्यानंतर कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरनं, थांबायला आणखी 23-24 मीटर लागतात. बेरीज करा. 48 मीटरच्या आसपास. आता सांगा, चिखल-धुळीनं माखलेल्या, पिवळ्या पडलेल्या काचेतून तुमचा दिवा किती लांब उजेड पाडतो? पंचवीस, फार तर तीस मीटर. म्हणजे बिनदिव्याची ट्रॉली तुम्हाला दिसते तेव्हा तुम्ही तिला धडकलेले असता, फक्त आवाज अजून झालेला नसतो. तेच ताशी 40 नं जा. सगळं मिळून 27 मीटरमध्ये गाडी थांबते. वेग कमी करायला किती खर्च येतो? बोला ना, आता का गप्प?

काच पुसायला एक ओलं फडकं लागतं. रोज, गाडी काढायच्या आधी, पुढचा दिवा, मागचा दिवा, इंडिकेटर आणि पाटी. याला पैसे लागत नाहीत. प्लॅस्टिकची काच वरून धुरकट झाली असेल तर टूथपेस्ट लावून मऊ कापडानं दहा मिनिटं घासा, पाण्यानं धुवा. बराच फरक पडतो. आतून काजळली असेल तर घासून काही होणार नाही, ती बदला. बल्ब मंद झाला असेल तर शंभर-सव्वाशे रुपयांत कंपनीनं सांगितलेल्या वॅटचाच नवा येतो. त्याच्या जागी पांढराफेक एलईडी कोंबू नका. त्याचा झोत पसरतो, समोरच्याचे डोळे दिपवतो, आणि धुक्यात तुमच्याच पुढं पांढरी भिंत उभी करतो. धुक्यात अप्पर लावणाऱ्याला तर मी वर्गाबाहेर काढतो. थेंबांवर आदळून उजेड परत तुमच्याच डोळ्यांत येतो. डिप्पर लावा, झोत खाली ठेवा, रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून चला. चारचाकीवाल्यांनो, चालत्या गाडीत चारी इंडिकेटर एकदम लावणं बंद करा. तुम्ही वळणार की थांबलात हे मागच्याला कळत नाही.

झोत कुठं पडतो ते तपासायलाही फुकटात जमतं. सपाट जागेवर, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा, तुम्ही स्वतः बसा, डिप्पर लावा. भिंतीवरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खाली पडली पाहिजे. वर जात असेल तर दिव्याचा स्क्रू ढिला करून झुकवा. पाना घरात असतो. फक्त हात खिशातून बाहेर काढावा लागतो.

आणि ती 'दादा' लिहिलेली पाटी. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही सरकारनं उच्च सुरक्षा पाटी सक्तीची केली, दुचाकी आणि ट्रॅक्टरला तिची किंमत कर सोडून 450 रुपये. तुम्ही ती दंडाच्या भीतीनं लावता आणि वर शिव्या देता. त्या पाटीचा पृष्ठभाग उजेड परत फेकतो. म्हणजे मागचा दिवा गेला तरी तुमची गाडी मागच्याला दिसण्याची ती शेवटची आशा असते. तिच्यावर शेणाचा थर, पुढं लोंबणारा काळा गोंडा. बाप्पा, किती शहाणे तुम्ही!

आता ट्रॅक्टरवाले उभे राहा. सगळे. कडेला तोंड लपवून बसलेला तूसुद्धा.

हंगाम सुरू होताना आरटीओची आणि पोलिसांची माणसं कारखान्यावर येतात, ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, फोटो निघतात. दुसऱ्या आठवड्यात त्या पट्टीवर फडातल्या चिखलाचा लेप चढलेला असतो, आणि तो पुसावा असं एकालाही वाटत नाही. तुमच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर 'आईचा आशीर्वाद' रंगवून घ्यायला पैसे होते. ते रंगवलेलं रात्री कुणाला दिसतं? पट्टीचे रंग पाठ करा: मागं लाल, बाजूंना पिवळी, पुढं पांढरी. ट्रॉलीच्या मागच्या पूर्ण रुंदीला आणि दोन्ही बाजूंना पट्टी लावायला तीन-चारशे रुपये लागतात. डबल ट्रॉली असेल तर दोन्हींना लावा, पुढचीला लावून मागची मोकळी ठेवू नका. मागून येणारा मागचीलाच धडकणार आहे. ट्रॉलीच्या दिव्याची वायर ट्रॅक्टरपासून तुटलेली लोंबतेय, ती जोडायला अर्धा तास लागतो. ऊस इतका भरू नका की पट्टी आणि दिवा वाढ्यांखाली गडप होईल. आणि भोंगा बंद ठेवा. गाणं एवढं मोठं असतं की मागचा जीव तोडून हॉर्न वाजवतो तरी तुम्ही मधोमध चालता.

ट्रॉली पंक्चर झाली की काय करता ते मला माहीत आहे. रस्त्यातच उभी. भोवती मोठमोठे धोंडे मांडायचे. टायर बदलला की ट्रॉली पुढं जाते आणि धोंडे तिथंच राहतात. वारंगा फाट्याकडून येणाऱ्या दुचाकीवाल्याला त्या अंधारात काय कळणार की हा तुमचा कालचा पराक्रम आहे? त्रिकोणी लाल फलक दोनशेच्या आसपास मिळतो. तो ट्रॉलीच्या मागं निदान पन्नास पावलांवर उभा करा, मोठ्या रस्त्यावर त्याहून दूर. धोंडा फक्त चाकाखाली लावायचा, आणि निघताना तोही बाजूला टाकायचा. हे शिकवायला आयटीआय लागत नाही, माणुसकी लागते.

आणि ट्रॉलीत माणसं भरणं. कापूस वेचायला, हळद काढायला, पहाटेच्या अंधारात बाया-पोरं ट्रॉलीत उभी करून नेता. 4 एप्रिल 2025 ची सकाळ विसरलात? वसमत तालुक्यातल्या गुंजच्या मजूर बाया शेतात कामाला निघाल्या होत्या, नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला, सात जणी गेल्या. तेव्हा हिवाळा नव्हता, हे मला सांगू नका. धुक्यात तर विहिरीचा कठडाही दिसत नाही. ट्रॉली माल वाहायला आहे. मजुरांना जीपनं न्यायला भाडं पडतं म्हणता. ते भाडं मजुरीच्या हिशेबात धरा. जिवाच्या हिशेबात काटकसर करू नका.

पुढचा धडा, थांबणं.

टायर. नियम सांगतो की दुचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली 0.8 मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये, चारचाकीची 1.6 च्या. मोजायला यंत्र नको. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. त्याच्या सरळ रेषेत खाचेमध्ये एक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला येऊन मिळाली की टायर संपला. दवानं ओल्या झालेल्या डांबरावर असा गुळगुळीत टायर ब्रेक लावताच सरकतो. फडाजवळच्या रस्त्यावर तर चिखल आणि उसाचं पाचटही पडलेलं असतं. मागचं चाक सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं तर थेट जमिनीवर. म्हणून एकच नवा टायर परवडत असेल तर दुचाकीला जो जास्त झिजलाय तो बदला, पण पुढचा गुळगुळीत ठेवून फिरू नका.

हवा. थंडीत तापमान सहाएक अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण एका पॉइंटनं कमी होतो. दुपारी भरलेली हवा पहाटे दोन-तीन पॉइंट कमी भरते. पंधरवड्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना हवा तपासा. किती भरायची ते चेनकव्हरजवळच्या किंवा दाराच्या कडेच्या चिकटपट्टीवर छापलेलं आहे. पेट्रोल पंपावर हवा फुकट असते, तरी तुम्ही 'घाई आहे' म्हणून निघता. घाई कुठं जायची आहे एवढी?

ब्रेक. रात्री उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेकवर दव बसतं. पहिला ब्रेक कमी लागतो किंवा एकदम धरतो. म्हणून निघाल्यावर पहिल्या पन्नास मीटरमध्ये, मोकळ्या जागी, हळू वेगात दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहा. शू झिजल्याची खूण ड्रमच्या बाहेर दिसते. काटा रेषेपलीकडं गेला की शू बदलायचे, दांडी ताणून दिवस काढायचे नाहीत. आणि ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा पेटतो का ते रात्री भिंतीवरचा उजेड बघून तपासा. दहा-वीस रुपयांचा बल्ब आहे तो. तुम्ही थांबताय हे मागच्याला सांगणारा तुमच्याकडं तेवढा एकच आहे.

आता तुमचं लाडकं प्रकरण. गाडी सुरू होत नाही.

थंडीत दोन गोष्टी एकदम होतात. इंजिनातलं तेल घट्ट होतं, म्हणून इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून तिचा जोर कमी होतो. जुनी बॅटरी म्हणजे म्हातारा बैल; सपाटीला चालते, चढाला बसते. उन्हाळ्यात ती चालली म्हणून ठीक आहे असं समजू नका. त्यातून 2017 सालच्या एप्रिलपासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा कायम पेटताच असतो, आणि तुम्ही त्याच बॅटरीवर निळे दिवे, प्रेशर हॉर्न आणि मोबाइलचं चार्जिंग लादता. मग सकाळी स्टार्टर 'टिक टिक' करतो आणि तुम्ही कंपनीला शिव्या देता. आधी ते निळे दिवे काढा. बॅटरीच्या दुरुस्तीतला हा सगळ्यात स्वस्त उपाय.

मग टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर आधी ऋण टोक सोडवा, मग धन. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं घासा, पुसून कोरडं करा, जोडताना आधी धन, शेवटी ऋण, वरून व्हॅसलीनचा हात. सगळा खर्च वीस रुपये. ट्रॅक्टर-जीपच्या बुचांच्या बॅटरीत पाणी कमी झालं असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला, तीसेक रुपयांत मिळतं. बोअरचं पाणी नाही, बिसलरी नाही, आणि ॲसिड तर मुळीच नाही. सीलबंद बॅटरीचं झाकण उचकटू नका. एवढं करूनही रोज ढकलावं लागत असेल तर ती बॅटरी मेली. दुकानात तपासून घ्या, जुनी परत देऊन नवी घ्या, ते पैसे वळते होतात.

सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबायचा नाही. दाबा, सोडा, पंधरा-वीस सेकंद थांबा, पुन्हा दाबा. किक असेल तर चावी बंद ठेवून आधी तीन-चार किक मारा, तेल फिरतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला चोक ओढा आणि इंजिन तापलं की आठवणीनं परत दाबा. महिनाभर चोक ओढलेला ठेवून 'ॲव्हरेज देत नाही' म्हणून रडणारे इथं बसलेत, नावं घेत नाही. 2020 नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीला चोक नसतोच. चावी लावली की पंपाची घरघर थांबेपर्यंत एक क्षण थांबा, मग बटण. सुरू झाल्यावर अर्धा-एक मिनिट, नंतर पहिला किलोमीटर हळू. दहा मिनिटं जागेवर रेस करणं म्हणजे पेट्रोल जाळून शेजाऱ्यांच्या शिव्या विकत घेणं.

तेलाच्या डब्यावरचे आकडे वाचा. 10डब्ल्यू-30 आणि 20डब्ल्यू-40 मध्ये पहिला आकडा जितका लहान तितकं ते थंडीत पातळ राहतं. कंपनीनं पुस्तिकेत जो आकडा दिला तोच घ्या, आणि तेल वेळेवर बदला. 'घट्ट तेल इंजिनाला चांगलं' हे चहाच्या टपरीवरचं ज्ञान टपरीवरच ठेवा.

ट्रॅक्टरवाल्यांचं तर विचारूच नका. बॅटरी मेली म्हणून वर्षानुवर्षं उतार बघून ट्रॅक्टर उभा करतात, सकाळी ब्रेक सोडून गडगडवत सुरू करतात. पुढं शेळ्या बांधलेल्या असतात, लेकरं खेळत असतात. आणि ज्याला उतार मिळत नाही तो चेंबरखाली पाचट पेटवतो! तेल गरम करायला! वर डिझेलचा पाइप, मध्ये तेलाचा ओघळ, खाली जाळ. यापेक्षा नवी बॅटरी महाग पडते काय? रात्री डिझेलची टाकी भरून ठेवा. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी सुटतं आणि फिल्टरच्या तळाशी साचतं. तो खालचा स्क्रू सोडून आठवड्यातून एकदा पाणी काढून टाका. फुकट काम. रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी भरू नका, आत क्षार साचतात आणि मार्च-एप्रिलमध्ये इंजिन तापतं. कूलंट थंडीपेक्षा गंज आणि क्षारांसाठी महत्त्वाचं आहे.

जीप आणि पिकअपवाल्यांनो, काच आतून पुसा. वर्षभराच्या तंबाखू-धुळीचा थर आतल्या बाजूला असतो, त्यावर वाफ बसली की समोरचं काही दिसत नाही. साबणाच्या पाण्यानं धुवा, जुन्या वर्तमानपत्रानं कोरडी करा. वाफ धरली की काच थोडी खाली करा, हवेचा झोत समोरच्या काचेवर वळवा. एका हातानं काच पुसत दुसऱ्या हातानं स्टिअरिंग धरायचं नाही. मे महिन्यात उन्हानं वायपरचं रबर तडकलेलं असतं, नुसतं रबर बदलून मिळतं. पहाटे बॉनेटवर एक थाप मारा, आत उबेला मांजर किंवा उंदीर असतो. आणि कारखान्याच्या यार्डात रात्रभर नंबर लावून थांबणाऱ्या ड्रायव्हरांनो, केबिनमध्ये शेगडी घेऊन, काचा बंद करून झोपू नका. कोळशाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच माणूस संपतो, आणि सकाळी लोक म्हणतात थंडीनं गेला.

गाडीइतकाच तिच्यावर बसणारा महत्त्वाचा. माकडटोपी म्हणजे हेल्मेट नव्हे. रुमाल म्हणजेही नव्हे. केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालात 2022 या एका वर्षात हेल्मेट न घातल्यामुळं देशात 50,029 जीव गेल्याची नोंद आहे, आणि त्यातले 14,337 मागं बसलेले होते. आयएसआय शिक्का आणि आयएस 4151 हा क्रमांक असलेलं हेल्मेट हजाराच्या आसपास मिळतं. तुमच्या सायलेन्सरपेक्षा स्वस्त. हेल्मेटनं कानही उबदार राहतात, हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही? काचेवर वाफ धरते म्हणून तक्रार करता. कोरड्या साबणाचा हलका हात आतून फिरवा आणि मऊ कापडानं पुसा, वाफ धरत नाही. छातीला वारा लागतो म्हणून अंगावर तीन शाली गुंडाळू नका. स्वेटरच्या आत एक वर्तमानपत्र पसरा, वारा अडतो. शालीची टोकं, मफलर, ओढणी, पदर चाकात जातो. मागं आजीला बसवून औंढ्याला सोमवारी दर्शनाला नेता, तर निघण्याआधी तिच्या शालीची टोकं तिच्या अंगाखाली खोचा. हे तिनं सांगायची वाट बघायची नसते. आणि पाठीवर किंवा जर्किनला पट्टीचा एक तुकडा चिकटवा; काळ्या जर्किनमध्ये, काळ्या गाडीवर, काळ्या रात्री तुम्ही कुणालाच दिसत नाही.

मुलींनो, तुम्ही हसू नका. स्कूटीवर स्कार्फ इतका गच्च बांधता की बाजूचं दिसत नाही आणि हॉर्न ऐकू येत नाही. स्कार्फ आत, हेल्मेट वर. केसांची काळजी घरी गेल्यावर.

आता हिशेब मांडतो, म्हणजे 'पैसे नाहीत' हे कायमचं मिटेल. फुकट: काच पुसणं, झोत बसवणं, हवा, ब्रेक तपासणं, फिल्टरचं पाणी काढणं, वेग कमी करणं. शंभराच्या आत: टर्मिनलची सफाई, डिस्टिल्ड वॉटर, ब्रेकलाइटचा बल्ब, दुचाकीला आणि जर्किनला पट्टी. पाचशेच्या आत: पुढचा बल्ब, त्रिकोणी फलक, ट्रॉलीची पट्टी, वायपरचं रबर. हजाराच्या आसपास किंवा वर फक्त तीन गोष्टी: हेल्मेट, टायर, बॅटरी. यातलं हेल्मेट आज, टायर या महिन्यात, बॅटरी पुढच्या महिन्यात. बॅटरी शेवटी का, हे आता कुणी विचारणार नाही अशी अपेक्षा आहे. विचारलंच, तर पहिल्यापासून पुन्हा सांगेन आणि तोपर्यंत कुणालाही घरी सोडणार नाही.

आणि ज्याला एवढेही पैसे जड वाटतात त्यानं तो दीड हजाराचा सायलेन्सर विकावा. मूळचा सायलेन्सर गोठ्यात पडला असेल, तो बसवा. आलेल्या पैशात हेल्मेट येईल आणि वर बल्बही. गावातल्या म्हाताऱ्यांना रात्री झोप लागेल ती वेगळीच.

रविवारी सकाळी नऊ वाजता सगळ्यांच्या गाड्या मला रांगेत पाहिजेत. दुचाकी पुढं, ट्रॉल्या मागं. मी इंजिन सुरू करायला सांगणार नाही, भोंगाही ऐकणार नाही. मी प्रत्येक गाडीच्या मागं जाऊन उभा राहणार, तुम्ही ब्रेक दाबायचा. लाल दिवा पेटला तर घरी जायचं. नाही पेटला तर गाडी इथं ठेवायची, किल्ली माझ्याकडं द्यायची आणि चालत जाऊन बल्ब आणायचा. दुकान लांब आहे, ही तक्रार मी ऐकून घेणार नाही.